बस स्टँडवर घासलेली बोट

जबलपूरला आल्यावर पहिले काही दिवस मला वाटायचं, आमच्या घरमालकांना नीट दिसत नाही. चालता चालता ते मध्येच हात आडवा करायचे, आंधळा माणूस भिंत शोधतो तसा. मग कळलं की ते वळण्याआधी इशारा देतात. स्कूटरवर नव्हे, पायी. भाजीची पिशवी उजव्या हातात असली तर ती आधी डाव्या हातात घ्यायची, उजवा हात लांब करायचा, मान वळवून मागे पाहायचं आणि मगच दूधवाल्याच्या दुकानाकडे वळायचं. कमानिया गेटच्या गर्दीत एकदा त्या आडव्या हाताने एका माणसाच्या तोंडात जाणारं पान खाली पडलं. माणूस भडकला. घरमालक शांतपणे म्हणाले, "भैया, मैंने इशारा दिया था. आप ओवरटेक कर रहे थे."

त्यांना सगळी गल्ली काकाजी म्हणायची. शहरातल्या महाराजपूर भागात त्यांचं घर होतं आणि मागच्या अंगाला भाड्याची एक खोली. घराणं मराठी, पण इथे कोणत्या पिढीत आलं ते त्यांनाही सांगता येत नसे. "जबलपुरात मराठी माणूस दोनच कामं करते," ते म्हणायचे. "कारखान्यात जाते, नाहीतर रेल्वेत. मी तिसरं केलं तर बाप माझ्याशी बोलेचना."

तिसरं म्हणजे बस. काकाजी तरुणपणी बसचे ड्रायव्हर होते. शहरातून निघून नर्मदेच्या काठाकाठाने वरच्या गावांना जाणारी सकाळची गाडी त्यांची. मग बरगीला धरण झालं, पाणी चढलं आणि त्यांचा सगळा रस्ता स्टॉपांसकट पाण्याखाली गेला. डेपोने दुसरा रूट दिला. "आठवडाभर चालवली," ते सांगायचे. "मजा नाही आली. आपल्या रोडवर हॉर्न दिला की लोक धोतर सावरत पळत यायचे. तिकडे हॉर्न दिला तर शिव्या देऊन राहिले." त्यांनी नोकरी सोडली आणि ज्या पाण्याने त्यांचा रस्ता गिळला होता, त्याच पाण्यावर बोटी चालवायला लागले.

पण बोट हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. ते गाडीच म्हणायचे.

आम्ही तिघं, मी, आमचे हे आणि आमची मुलगी, खोली शोधत फिरत होतो तेव्हा तीन घरांनी नाही म्हटलं होतं. हिंदी येत नाही, जेवणात मासे, ओळखीचं कोणी नाही. काकाजींनी एकच प्रश्न विचारला, "किती सवारी?"

हे गोंधळले. म्हणाले, "दोन मोठी, एक लहान."

"लहानाचं हाफ," काकाजी म्हणाले आणि किल्ली दिली.

मी आयुष्यात पुष्कळ लोकांचे उपकार घेतले आहेत, पण इतक्या थोडक्यात कोणी केले नाहीत.

त्यांच्या घरात पुढच्या दाराने आत जायचं आणि मागच्या दाराने बाहेर पडायचं. पाहुणे आले तरी तेच. चपला पुढे काढलेल्या आणि माणूस मागे अनवाणी उभा, असं रोज कोणी ना कोणी दिसायचं. बैठकीतली दाराजवळची खुर्ची महिलांसाठी राखीव. ती रिकामी असली तरी काकाजी तिच्यावर बसत नसत, आणि त्यांचे व्याही एकदा चुकून बसले तर भांडीवाली बाई आल्याबरोबर काकाजींनी त्यांना उठवलं. "भाईसाहब, लेडीज़ आ गई हैं." आता काकाजी मुलीकडे रायपूरला असतात. फोन केला की पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. विचारतात, "राखीव सीटवर कोणी बसून तर नाही राहिलं ना?"

माझं हिंदी त्यांनीच घडवलं. मी घरात बसून रडते हे त्यांच्या लक्षात आलं असावं. रोज संध्याकाळी ओट्यावर बसवून दोन दोन वाक्यं शिकवायचे. पण त्यांना येणारी वाक्यं एका ठरावीक जातीची होती. त्यामुळे मंडईत एका बाईने मला धक्का दिला तेव्हा मी सगळा धीर एकवटून तिला म्हणाले, "आगे खाली है, आगे बढ़ो!" ती खरंच पुढे सरकली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की इथे निभेल.

त्यांची स्कूटर फाटकातून मागे घ्यायची असली की मोठं प्रकरण. कोणीतरी मागे उभं राहून "आने दो, आने दो" म्हटल्याशिवाय ते मागे येत नसत, आणि "रोक के" म्हटल्याशिवाय थांबत नसत. स्वतः मागे वळून पाहणं त्यांना कमीपणाचं वाटे. "मागे पाहणं हेल्परचं काम आहे. ड्रायव्हर मागे पाहायला लागला तर पुढे कोण पाहील?" एका सकाळी आमचे हे मागे उभे होते. "आने दो, आने दो" म्हणता म्हणता ह्यांचा फोन वाजला. गावाहून आईचा फोन. हे "हॅलो" म्हणाले. स्कूटर आली ती ह्यांच्या अंगावरूनच. मनगट मोडलं.

काकाजींनीच दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईपर्यंत बसून राहिले, घरी आणून स्वतःच्या हाताने खिचडी भरवली. पण चूक कबूल केली नाही. "ह्यानं ‘रोक के’ नाही म्हटलं," ते मला समजावत होते. "‘हॅलो’ म्हटलं. ‘हॅलो’ म्हटल्यावर गाडी काहून थांबवायची?"

ते मनगट अगदी नको त्या वेळी मोडलं.

शहरातल्या एका सेठजींचा फायबरचा कारखाना होता. पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या आणि अधूनमधून बोटी. साचे वेगळे, माल एकच. बोट तयार झाली की ट्रॉलीवरून बरगीच्या घाटापर्यंत न्यायची आणि तिथून जलाशयातून थेट मालकांच्या गावी पाण्यानेच पोचवायची. पोचवायचं काम काकाजींचं. इंजिन बसवायचं आणि त्याचं दुखलंखुपलं पाहायचं काम आमच्या ह्यांचं. त्यासाठीच ह्यांना कोकणातून बोलावलं होतं. पण बोटींच्या ऑर्डरी आटत चालल्या होत्या. सेठजींनी ह्यांना स्पष्ट सांगितलं, "ये आखिरी नाव है. मालिक लोग खुश हुए और साल भर की देखभाल का काम दिया, तो तुम रहो. नहीं तो भैया, टंकी में इंजन नहीं लगता."

ह्यांना ते वाक्य झोंबलं. मला भीती वेगळी होती. आमच्या गावात शाळा खाडीपलीकडे. मी आठवीत असताना शाळेची होडी उलटता उलटता वाचली, आणि आईने त्याच दिवशी माझं दप्तर माळ्यावर टाकलं. पुन्हा ते खाली आलं नाही. इथे माझ्या मुलीची शाळा दोन गल्ल्या सोडून होती. मध्ये फक्त एक नाला, त्यावर पक्का पूल. परत गेलो असतो तर पुन्हा तीच खाडी, तीच होडी. मला दुसरं काही नको होतं. मला तो पूल हवा होता.

आणि आता शेवटची बोट पोचवायची वेळ आली तर हे प्लास्टरमध्ये.

"काकाजी, तुम्ही एकटे न्याल ना?" मी विचारलं.

काकाजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांना बिनकपड्यांचं बाजारात जायला सांगितलं होतं. "सूनबाई, कंडक्टरशिवाय गाडी डेपोच्या बाहेर निघत नसते."

इतके दिवस कंडक्टर आमचे हे असत. ह्यांनी शिट्टी मुकाट्याने माझ्या हातात ठेवली.

"मला पोहता येत नाही हो, काकाजी."

"कंडक्टरला पोहायचं नसते. ओरडायचं असते."

"मला होडीची भीती वाटते."

"होडी कोण म्हणून राहिलं? बस म्हण. बसची भीती वाटते?"

"नाही."

"झालं तर मग. चलो."

उन्हाळ्याचे दिवस होते, धरणातलं पाणी पुष्कळ उतरलेलं. घाटावर मी दोन लाइफ जॅकेटं घातली, एक पुढून आणि एक मागून. काकाजी खाकी शर्ट आणि टोपी घालून आले होते. बोटीत पाय ठेवताच त्यांचं बोलणं बदललं. घरी मी सूनबाई आणि तू. इथे कंडक्टर साहेब आणि तुम्ही.

"कंडक्टर साहेब, घड्याळ पाहा. वेळ झाली?"

"झाली."

"मग माझं तोंड काय पाहून राहिले? शिट्टी द्या."

मी दोनदा शिट्टी वाजवली. बोट निघाली.

आमची खाडी त्या पाण्यापुढे न्हाणीघर म्हणायची. जिकडे पाहावं तिकडे पाणीच, आणि एवढ्या मोकळ्या पाण्यात काकाजी डाव्या बाजूने चालले होते. कशाच्या डाव्या, ते त्यांनाच माहीत. वळण नसलेल्या जागी वळायचे आणि वळण्याआधी हॉर्न द्यायचे. समोरून एक कोळी डोंगा वल्हवत आला तर काकाजींनी बोट थांबवली आणि ओरडले, "रॉन्ग साइड!"

तो बिचारा चारी दिशांना पाहत म्हणाला, "दादा, रोड कहाँ है?"

"तुम्हारे नीचे!"

तो घाबरून खरोखर बाजूला झाला.

थोड्या वेळाने बोट अचानक थांबली. मला वाटलं, इंजिन गेलं.

"पंचायत भवन," काकाजी म्हणाले. "कंडक्टर साहेब, सवारी पाहा."

"काकाजी, इथे पाणी आहे."

"पाणी मला दिसून राहिलं. सवारी पाहा."

मी पाहिलं. दूरवर एक बगळा एका वाळक्या झाडाच्या शेंड्यावर बसला होता. "कोणी नाही," मी म्हणाले.

"अशी नाही. आवाज द्या."

"कोई है?" मी त्या पाण्याला विचारलं. बगळा उडाला. दोन शिट्ट्या, बोट पुढे. पुढच्या स्टॉपवर, म्हणजे पाण्याच्या दुसऱ्या एका तुकड्यावर, आम्ही वेळेआधी पोचलो म्हणून उन्हात थांबून राहिलो. "वेळेनंतर गाडी सोडणं ही सवय आहे," काकाजी म्हणाले. "वेळेआधी सोडणं पाप." तिकडे बोट विकत घेणारी मालकीण मंडळी दुपारच्या आत पूजा करायची म्हणून वाट पाहत होती आणि मी दोन जॅकेटांत शिजत होते. बोलायचा धीर होत नव्हता. ज्याच्या घरात राहतो त्याला घाई कर कसं म्हणायचं?

बाजाराच्या गावाचा स्टँड आला तेव्हा मात्र त्यांनी इंजिनच बंद केलं. "दहा मिनिट. चहापाणी." थर्मास काढला, दोन कप ओतले. "इथला चहा फर्स्ट क्लास असायचा," थर्मासमधला घरचा चहा पीत म्हणाले. वारा होता. बोट हळूहळू सरकत होती. मी तसं म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात खालून आवाज आला. खर्रर्र. दात खाल्ल्यासारखा, लांबलचक. बोट नाक वर करून थांबली.

काकाजींनी कप खाली ठेवला. वाकून पाण्यात पाहिलं. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि माझ्या डोळ्यांदेखत, त्या अथांग पाण्याच्या मधोमध, बोटीतून उतरून उभे राहिले. पाणी पोटऱ्यांपर्यंत.

"कंडक्टर साहेब," ते हळूच म्हणाले, "हा आपला चबुतरा आहे."

पाणी उतरल्यामुळे स्टँडचा ओटा जवळ जवळ वर आला होता आणि आमची कोरी बोट त्याच्यावर चढून बसली होती. काकाजींना बोटीचं भान राहिलं नाही. ते पाण्यात फेऱ्या मारत मला दाखवायला लागले. "इथे पूछताछची खिडकी. इथे पानवाला. इथे म्हातारे बसायचे, बीडी ओढत. आणि इथे..." असं म्हणत एक पाऊल पुढे टाकलं आणि डोक्यापर्यंत खाली गेले. टोपी तरंगायला लागली.

"नाली होती," वर येऊन तोंडातलं पाणी थुंकत ते म्हणाले. "नाली विसरलो."

बोट हलकी करून ढकलल्याशिवाय निघणार नव्हती. इंजिनपाशी काकाजी हवेत, म्हणजे उतरायचं मी. त्या क्षणी मी काय काय देव आठवले ते सांगत नाही. डोळे मिटून उतरले. खाली घट्ट दगड लागला. बोटीच्या नाकाला खांदा लावला, काकाजींनी इंजिन उलटं फिरवलं आणि वाट पाहत बसले.

"काय झालं?" मी ओरडले.

"आवाज द्या ना! मागे कशी येईल गाडी?"

"आने दो!" मी किंचाळले. "आने दो, आने दो!"

बोट सुटली. मागे गेली, आणखी मागे गेली, आणि मी ओट्यावर उभी, गुडघाभर पाण्यात, चारी बाजूंना नर्मदा. भीतीने मला पुढचा शब्दच आठवेना. "आने दो, आने दो" हेच तोंडातून निघत राहिलं आणि बोट लहान लहान होत गेली. शेवटी कधीतरी "रोक के!" सुचलं. बोट थांबली, वळली, परत आली. काकाजी स्टिअरिंगच्या चाकामागून माझ्याकडे पाहत होते, पण ते मला पाहत नव्हते. इतक्या वर्षांनी त्या स्टॉपवर कोणीतरी उभं होतं. त्यांचा चेहरा उजळला.

"बोलो, बोलो, जल्दी. कहाँ जाना है?"

इतक्या दिवसांत मी त्यांना उलटून बोलले नव्हते. तेव्हा बोलले. "खड्ड्यात!"

काकाजींनी क्षणभर विचार केला. "ते लास्ट स्टॉपच्या पुढे आहे," म्हणाले. "बसा."

गावाच्या काठावर बायका जमल्या होत्या. मासेमारी करणाऱ्या बायकांच्या गटाने मिळून ही बोट घेतली होती. गटाची प्रमुख एक म्हातारी. अंगाने काटकुळी, आवाजाने हवालदार. तिला सगळ्या अम्मा म्हणत. बाजाराचं गाव बुडलं तेव्हा ही माणसं वर टेकडीवर येऊन राहिली होती. पूजेसाठी बायकांनी बोट वाळूवर ओढली, आणि पोटाखालचा ओरखडा, हातभर लांब, उन्हात चमकला.

"जे का है?" अम्माने विचारलं.

मी पुढे झाले. "अम्मा, पानी कम था, तो थोड़ा..."

"बस स्टैंड पे लगी," काकाजींनी सांगून टाकलं.

"कौन बस स्टैंड?"

"आपका. बाज़ार वाला."

बायका हसल्या. अम्मा हसली नाही. तिने खाकी शर्ट पाहिला, भिजलेली टोपी पाहिली, जवळ येऊन तोंड निरखलं. "तुम सुबह वाली गाड़ी के डिराइवर हो?"

काकाजींची छाती फुगली. "जी. मैं ही."

"एई है!" अम्मा बायकांकडे वळली. "एई ने मेरी गाड़ी छुड़ाई थी! भाई की शादी थी, नई-नई ब्याही मैं, सिर पे पोटली. हाथ हिलाती रह गई और ये भोंपू बजा के निकल गया. दूसरे दिन पहुँची तो मंडप उखड़ रहा था!"

दुसरा कोणी असता तर हात जोडून मोकळा झाला असता. काकाजी म्हणाले, "स्टॉप पे जो खड़ा होगा, गाड़ी उसके लिए रुकेगी. आप स्टॉप पे नहीं रही होंगी."

"नीम के नीचे खड़ी थी!"

"नीम स्टॉप के आगे है. नाली के उस पार."

"नीम चबूतरे से लगा है! मेरे को सिखाओगे? मेरा गाँव है!"

"मेरा रूट है!"

मी त्यांची बाही ओढली. "काकाजी, माफी मागून टाका ना. पाया पडते तुमच्या."

"काहून?" ते माझ्यावर डोळे वटारून म्हणाले. "नियम चुकला असेल तर मागतो. नियम काय चुकला?"

अम्माने पदर कमरेला खोचला. "ले जाओ नाव. घिसी हुई नाव, और ऐसे आदमी के हाथ की. नहीं चाहिए. सेठ को मैं बोल दूँगी."

ती गळ्यातला मोबाइल हातात घेऊन नंबर शोधायला लागली. मला दिसत होतं पुढे काय होणार ते. टंकी में इंजन नहीं लगता. खाडी, होडी, माळ्यावर आणखी एक दप्तर. माझे पाय अजून ओलेच होते, आणि मी हिंदीत इतकं मोठं वाक्य कधी बोलले नव्हते.

"अम्मा, चबूतरा दिख रहा है. पानी उतर गया है. मैं उस पे खड़ी होके आई हूँ. नीम कहाँ था, चल के देख लो."

अम्माचं बोट मोबाइलवर थांबलं. "चबूतरा दिखता है?" एकीने कुजबुजत विचारलं.

"चलो," अम्मा म्हणाली.

सगळं गावच निघालं. काकाजींनी सीटपेक्षा एक माणूस जास्त घेतलं नाही. आपली बोट असून आपणच का थांबायचं म्हणून मागे राहिलेल्या बायकांनी त्यांना ज्या शिव्या दिल्या, त्या ऐकून ते म्हणाले, "हां, आता रोडवर आल्यासारखं वाटून राहिलं."

ओट्यापाशी त्यांनी लांबूनच इंजिन बंद केलं आणि एक बांबू घेतला. नालीच्या पलीकडे खुपसला. बांबू खाली खाली जात राहिला. थोडा सरकवून पुन्हा खुपसला. काही नाही.

"इधर," अम्मा म्हणाली. "नाली के इस तरफ. चबूतरे से सटा के."

ठक.

दगडाचा आवाज नव्हता तो. लाकडाचा. काकाजींनी चारी अंगांनी बांबू फिरवून पाहिला, कडुनिंबाचा बुंधा केवढा ते चाचपलं. ओट्याला चिकटून होता. ते बराच वेळ बांबू धरून तसेच उभे राहिले. मग काकाजी माझ्याकडे वळले, वरिष्ठाला कळवावं तसे.

"कंडक्टर साहेब, सवारी स्टॉपवर होती."

मग टोपी काढून अम्माला म्हणाले, "गलती डिराइवर की है, बाई. कहाँ जाना था?"

"मायके," अम्मा म्हणाली. "और कहाँ."

"पुलिया के बाद वाला? जिधर महुए के दो पेड़ थे?"

अम्माने नुसती मान हलवली. तिला वाटलं नव्हतं ह्याला ते आठवत असेल.

काकाजींनी बोट वळवली. डाव्या बाजूने, हॉर्न देत, मध्ये एकाही स्टॉपवर न थांबता. मला तर ते पाणी सगळीकडे सारखंच दिसत होतं, पण एका जागी त्यांनी वेग कमी केला, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "आ गया."

अम्मा काठावर हात ठेवून खाली पाहत बसली. मी सवयीने शिट्टी ओठांना लावली, तर काकाजींनी मान हलवली. नको. त्यांची नजर घड्याळाकडे गेली आणि त्यांनी तो हात पाठीमागे घेतला. बोट हळूहळू गोल फिरत होती. असं किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी अम्मानेच पाण्यात हात बुडवून तोंडावरून फिरवला.

"भौजाई को उस दिन नहीं देख पाई," ती म्हणाली. "बाद में देखी. ऐसी लड़ाका थी कि उस दिन देख लेती तो भाई को मंडप से उठा लाती." आणि एकदम काकाजींवर ओरडली, "अब चलोगे भी? दिन भर यहीं खड़े रहोगे?"

काठावर उतरता उतरता तिने सेठजींना फोन लावला.

"हाँ सेठ, नाव ले ली. नहीं, अच्छी है. थोड़ी घिसी है. सुनो, मिस्त्री हर महीने भेजना, साल भर. काहे? अरे, अब तो सब उस चबूतरे पे जाएँगी, रोज़ घिसेगी!" मग काकाजींकडे तिरपं पाहून आवाज चढवला. "और इस डिराइवर को भी भेजना. बोल देना, हम स्टॉप पे खड़े मिलेंगे."

काकाजी तोंड फिरवून बोटीची दोरी खुंट्याला बांधत होते. तीच गाठ ते पुन्हा पुन्हा सोडून बांधत राहिले. मी जॅकेटं काढली, पहिल्यांदा पुढचं, मग मागचं, आणि वाळूवर बसून घेतलं.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. ह्यांना दारातूनच सांगितलं तर ते प्लास्टरचा हात कपाळाला लावून नमस्कार करायला गेले आणि कपाळाला टेंगूळ आणून बसले. मुलगी खेळायला गेली होती. तिचं दप्तर उंबऱ्यातच पडलेलं, एक बंद तुटलेला. मी सुईदोरा घेऊन तिथेच बसले. सकाळी लागणार होतं.